तान्ह्या बाळाच्या ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांचं वेगळं कन्सल्टेशन घेतलं, त्याचा रिव्ह्यू (५ पैकी ४)

आधी रेटिंगच सांगून टाकते. डॉक्टरांशी जी भेट झाली तिला ५ पैकी ५, त्याच्या आजूबाजूची जी व्यवस्था आहे तिला ३, म्हणून एकूण ४. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत, आणि तसंही मला त्या एका बिल्डिंगबद्दल लिहायचंच नाहीये, या सोयीबद्दल लिहायचंय. लहान मुलांचं ऑपरेशन ठरलं की भूलतज्ज्ञांना आधीच वेगळं भेटून सगळं विचारता येतं, हे कितीतरी आईबापांना माहीतच नसतं. ऑपरेशनच्या दिवशी ऑपरेशन थिएटरच्या (ओटीच्या) दाराशी हिरव्या कपड्यातलं कोणीतरी येऊन दोन मिनिटं बोलतं, सही घेतं, आणि आपल्याला वाटतं झालं, हेच ते भूलवाले डॉक्टर.

आमची केस थोडक्यात. बाळ ३ महिन्यांचं, जन्म ३५ आठवड्यांचा म्हणजे थोडा लवकरचाच, आणि जांघेत हर्निया. सर्जन म्हणाले थांबू नका, या वयात आतडं अडकून बसायची भीती मोठ्या मुलांपेक्षा जास्त असते आणि तसं झालं तर मग घाईत करावं लागतं. बरं, ऑपरेशन छोटं, ते पटलं. पण त्याच रात्री फोनवर 'भूल बाळाचा मेंदू' असं टाकून बघितलं आणि झोप उडाली. उंदरांच्या पिल्लांच्या मेंदूतल्या पेशी मेल्या, अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर नजर ठेवणारी तिथली सरकारी संस्था) इशारा दिला, शाळेत मुलं मागे पडली, एकापाठोपाठ एक. नवरा म्हणाला वाचू नकोस, आणि मग स्वतःच पहाटेपर्यंत वाचत बसला.

म्हणून ही अपॉइंटमेंट.

सुरुवात वाईट झाली. आधी एका काउन्सेलर ताईंकडे बसवलं, त्यांनी फॉर्म भरता भरता 'काही होत नाही हो, रोज होतात अशी ऑपरेशन्स' एवढं म्हणून विषय संपवला. मला राग याचा आला की 'काही होत नाही' हे उत्तर मेंदूबद्दल होतं की श्वासाबद्दल होतं की नुसतंच मला गप्प करायला होतं तेच कळेना. त्यानंतर भरपूर वाट बघायला लावली, मांडीवर रडणारं बाळ, आणि अपॉइंटमेंटची जी वेळ दिलेली ती नावापुरतीच. याचे स्टार कापलेत.

पण डॉक्टर मॅडम आल्या आणि त्यांचा पहिलाच प्रश्न होता, 'काय काय वाचलंत?' नवऱ्याने फोनच पुढे केला. त्यांनी खरंच स्क्रोल करून बघितलं आणि म्हणाल्या यातलं बरंचसं खरं आहे, फक्त कशाला किती वजन द्यायचं ते सांगते. मला तिथेच अर्ध बरं वाटलं.

उंदरांची गोष्ट २००३ ची. जन्मून ७ दिवस झालेल्या पिल्लांना मिडाझोलाम, नायट्रस ऑक्साइड आणि आयसोफ्लुरेन ही भुलेची तिन्ही औषधं मिळून सलग ६ तास दिली, तर विकसित होत असलेल्या मेंदूत पेशी मोठ्या प्रमाणावर मेल्या आणि ती पिल्लं मोठी झाल्यावर शिकण्यात कच्ची निघाली. भुलेची बहुतेक औषधं मेंदूतल्या गाबा नावाच्या रिसेप्टरला (पेशीवरची सिग्नल घेणारी जागा) जोर देतात नाहीतर एनएमडीए नावाच्या रिसेप्टरला अडवतात, आणि नेमकं त्याच काळात मेंदूतल्या पेशी एकमेकींशी जोडण्या करत असतात, ज्या पेशीला सिग्नलच मिळत नाही ती स्वतःच बंद पडते, असं ते गणित आहे. पुढे माकडांच्या पिल्लांतही अशाच प्रकारचं दिसलं, तिथेही औषध कित्येक तास चालू ठेवलेलं होतं. मॅडम म्हणाल्या यातून धोक्याची शक्यता कळते, पण तुमच्या बाळाच्या एका तासाचं उत्तर यातून मिळत नाही. उंदराचं पिल्लू ज्या टप्प्यातून काही दिवसांत जातं तो टप्पा माणसाच्या बाळात गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांपासून पुढे दोन-तीन वर्षं चालतो, मग ६ तासांचा हिशोब सरळ इकडे कसा लावणार.

मग त्यांनी जे सांगितलं त्याच्यासाठी ही भेट वसूल झाली असं मी म्हणेन. त्या म्हणाल्या नशीब म्हणा, तान्ह्या बाळांच्या भुलेवरचा सगळ्यात चांगला अभ्यास नेमका तुमच्याच ऑपरेशनवर झालाय. त्याचं नाव गॅस ट्रायल. ७ देशांतली २८ हॉस्पिटलं, ७२२ बाळं, सगळी हर्नियाची, सगळी आईच्या शेवटच्या पाळीपासून मोजलं तर ६० आठवड्यांच्या आतली. आमचं बाळ ३५ अधिक साधारण १३ म्हणजे ४८ च्या आसपास, तंतोतंत त्याच गटातलं! चिठ्ठ्या टाकाव्या तसं अर्ध्या बाळांना सेवोफ्लुरेन या गॅसची पूर्ण भूल आणि अर्ध्यांना जागेपणी पाठीत इंजेक्शन देऊन फक्त खालचा भाग बधिर, असं वाटून दिलं. २ वर्षांच्या वयाचे निकाल २०१६ मध्ये आले, ५ वर्षांचे २०१९ मध्ये. पाचव्या वर्षी आयक्यू एका गटात सरासरी ९९.०८ आणि दुसऱ्यात ९८.९७. म्हणजे फरक नाहीच म्हणा ना.

हे ऐकून आम्ही दोघं उठायच्याच तयारीत होतो पण बाईंनी थांबवलं. म्हणाल्या याची मर्यादा पण ऐका. त्या बाळांना भूल साधारण तासाभराच्या आतबाहेर होती, मधला आकडा ५४ मिनिटांचा. आणि एकदाच. त्यामुळे कोणी तुम्हाला हाच अभ्यास दाखवून ४ तासांच्या ऑपरेशनबद्दल 'काही होत नाही' म्हणालं तर ते बरोबर नाही. मला हा प्रामाणिकपणा इतका आवडला ना, कारण त्यांना काय, आम्ही खुश होऊन निघालोच होतो.

भावंडांचा पण एक अभ्यास आहे, पांडा नावाचा, तोही २०१६ चा. १०५ जोड्या, एका भावंडाला ३ वर्षांच्या आत हर्नियासाठी भूल दिलेली आणि दुसऱ्याला नाही. ८ ते १५ वर्षांचे असताना दोघांचा आयक्यू सरासरी १११. एकाच घरातली मुलं असल्यामुळे आईबाप, घर, वातावरण वगैरे आपोआप सारखं होतं, हे मला फार हुशारीचं वाटलं.

आता काळजीची बाजू, जी त्यांनी लपवली नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटामधून एक अभ्यास आला, ५००० हून जास्त मुलांच्या शाळेच्या आणि दवाखान्याच्या नोंदी तपासून. ४ वर्षांच्या आत एकदा भूल मिळालेल्यांत काही वेगळं दिसलं नाही, पण दोन किंवा जास्त वेळा मिळालेल्यांत शिकण्याच्या अडचणी जास्त. ही मुलं १९७६ ते १९८२ मध्ये जन्मलेली, त्या वेळी हॅलोथेन हे भुलेचं जुनं औषध वापरायचे आणि बोटाला लावून ऑक्सिजन दाखवणारं यंत्र रोजच्या वापरात नव्हतं. २०१८ मध्ये त्याच भागातला नवा अभ्यास, मास्क नावाचा, ९९७ मुलांना प्रत्यक्ष बोलावून टेस्ट घेतल्या. आयक्यूमध्ये फरक नाही, अनेकदा भूल मिळालेल्यांत पण नाही. मात्र अनेकदावाल्यांत काम करायचा वेग आणि हाताची बारीक कामं यात थोडी घट, आणि त्यांच्या आईबापांनी वागण्याच्या आणि वाचनाच्या तक्रारी जास्त सांगितल्या. माझं वैयक्तिक मत विचाराल तर ज्या मुलाची चार ऑपरेशन्स झालीत त्याच्याकडे आईबापांचं लक्ष जरा जास्तच असणार, छोटी गोष्ट पण डोळ्यात येणार. मी तसं म्हणाले. मॅडम म्हणाल्या असेलही, शिवाय ज्या बाळाला तीनतीनदा ऑपरेशन लागतं ते मुळातच जास्त आजारी असतं, भूल वेगळी आणि आजार वेगळा काढणं अवघड, पण म्हणून भुलेला क्लीन चिट पण देता येत नाही.

एफडीएचा इशारा डिसेंबर २०१६ चा, तो आम्ही अर्धवटच वाचला होता. हेडलाइन भयंकर आहे पण आतमध्ये लिहिलंय की ३ वर्षांच्या आतल्या मुलांना ३ तासांपेक्षा जास्त वेळ किंवा पुन्हा पुन्हा भूल दिली तर मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, आणि एकदाच थोड्या वेळाच्या भुलेने शिकण्यावर वाईट परिणाम व्हायची शक्यता कमी. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीतल्या बायकांनाही तोच इशारा लागू आहे. औषधांची जी यादी दिली त्यात सेवोफ्लुरेन, प्रोपोफॉल, केटामीन, मिडाझोलाम सगळेच, त्यामुळे 'मॅडम ते दुसरं सेफवालं द्या ना' असं काही करता येत नाही. नवऱ्याने हा प्रश्न विचारायला तोंड उघडलंच होतं.

त्याऐवजी त्याने दुसरा विचारला, मोठा झाल्यावर अभ्यासात कच्चा निघाला तर कशावरून कळणार भुलेमुळे नाही? तर म्हणे स्वीडनमध्ये ४ वर्षांच्या आत एकदा भूल मिळालेल्या तेहतीसेक हजार मुलांचे शाळेचे मार्क्स बघितले, २०१७ ला छापून आलं, फरक निघाला पण अर्ध्या टक्क्याहून कमी, आणि त्यापेक्षा मोठा फरक आईचं शिक्षण किती आणि मुलाचा जन्म कोणत्या महिन्यातला यानेच पडत होता. नवरा माझ्याकडे बघून म्हणाला, म्हणजे आता सगळं तुझ्यावर. असो.

मी विचारलं मग जागेपणीच पाठीत इंजेक्शन का नाही, किंवा भूल अगदी कमी का नाही देत. पहिल्याचं उत्तर, देता येतं, अनुभवी हात लागतो, पण त्याचा असर तासाभराचाच, सर्जनला वेळ जास्त लागला किंवा बाळ हलायला लागलं तर मधेच पूर्ण भूल द्यावीच लागते, त्या ट्रायलमध्ये पण काही बाळांचं तसं झालं. आमच्या बाळाला त्यांनी पूर्ण भूल अधिक माकडहाडाजवळून कॉडल इंजेक्शन सुचवलं, दुखणं तिथेच थांबतं त्यामुळे वरून गॅस कमी पुरतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून मात्र अंगावर काटा आला. १९८० च्या दशकापर्यंत कितीतरी ठिकाणी नवजात बाळांना दुखतच नाही किंवा त्यांना औषध झेपणार नाही असं समजून नावाला भूल देऊन, फक्त हलू नये म्हणून स्नायू ढिले करून ऑपरेशन करायचे. १९८७ मध्ये ऑक्सफर्डमधल्या अभ्यासात दाखवलं की कमी दिवसांच्या बाळांना फेंटानिल हे वेदनेचं औषध नीट दिलं तर शरीरावरचा ताण कमी आणि ऑपरेशननंतरची गुंतागुंत पण कमी. म्हणजे भूल टाळली की मेंदू वाचला असं नसतं, बाळाने वेदना सोसली तर तीही शरीराला महागात पडते. यानंतर 'कमी द्या' हा शब्द मी काढला नाही.

आणि मग मला विचारायचं सुचलंच नसतं असा भाग त्यांनी स्वतःहून काढला. म्हणाल्या औषधाच्या नावापेक्षा तो तास कसा जातो ते बघा, मी पूर्ण वेळ काय सांभाळत असते ते सांगते. ब्लड प्रेशर, कारण बाळाचं भुलेत पटकन खाली येतं आणि ते फार खाली राहिलं तर मेंदूला रक्त कमी. कार्बन डायऑक्साइड, कारण मशीनने श्वास जास्त दिला की तो कमी होतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. साखर. अंगाचं तापमान, बाळं ओटीत भराभर गार पडतात. सलाईन कोणतं लावायचं, कमी मिठाचं लावलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. आणि ऑक्सिजन तर आहेच. हे सगळं बिघडलं तर मेंदूला इजा होते हे पक्कं ठाऊक आहे, औषधाचा तो दुसरा धोका अजून वादात आहे, आणि लोक सगळा वेळ दुसऱ्याबद्दलच विचारतात. हे वाक्य मी घरी येऊन लिहून ठेवलं. पालकांनी खरं तर हेच विचारायला हवं, भूल देणारी व्यक्ती तान्ह्या बाळांची किती भूल देते, पूर्ण वेळ तीच आत असणार का, बीपीचा पट्टा बाळाच्या मापाचा आहे का. मी हे तिथेच विचारलं, त्या चिडल्या नाहीत.

आता उरलेल्या स्टारचं बोलू.

छापील पत्रक. त्यात सरसकट ६ तास उपाशी. मॅडमनी पेनाने खोडून लिहिलं, अंगावरचं दूध ४ तास आधीपर्यंत, वरचं दूध ६ तास, साधं पाणी २ तास. मग बाबांनो पत्रकच बदला ना! कारण त्यांनीच सांगितलं होतं की बाळ जास्त वेळ उपाशी राहिलं की साखर उतरते, अंगात पाणी कमी पडतं आणि भूल दिल्या दिल्या बीपी आपटतं. आणि ऑपरेशनच्या दिवशी नेमकं तेच, आमचा नंबर पुढे ढकलला गेला आणि आम्हाला कोणी सांगितलंच नाही, बाळ भुकेने किंचाळतंय, सिस्टर म्हणतात आता काही देऊ नका. शेवटी मीच मॅडमना निरोप पाठवला तेव्हा पाणी द्यायची परवानगी आली. एवढं छान समजावून सांगणारी सोय आणि दुसऱ्या टोकाला एक फोन करायला माणूस नाही.

वेळेचा पण घोळ. सर्जन म्हणतात पाऊण तास, तो चाकू लावल्यापासून टाके घालेपर्यंतचा. भूल त्याच्या आधी सुरू होते, सुई शोधणं, नळी, कॉडल, आणि नंतर उठवणं. मॅडमनी आधीच सांगितलेलं की सव्वा तास धरा म्हणून आम्ही बाहेर शांत होतो, शेजारचे आजोबा बिचारे पन्नासाव्या मिनिटापासून येरझाऱ्या घालत होते. हे सगळ्यांना सांगायला काय जातं.

रिकव्हरीत मला उशिरा बोलावलं. बाळ बेफाम रडत होतं, डोळे उघडे पण ओळख नाही असं. हे सेवोफ्लुरेननंतर होतं आणि बहुतेक अर्ध्या तासात शमतं, भूक पण असतेच. दूध पाजल्यावर शांत झालं. मेंदूला काही झालं म्हणून रडतंय असं वाटून त्या दहा मिनिटांत माझं जे झालं ते मला कोणी आधी सांगितलं असतं तर झालं नसतं. रात्रभर ठेवून घेतलं, श्वासाचा मॉनिटर लावून, कारण लवकर जन्मलेल्या आणि त्याच पाळीपासूनच्या हिशोबाने ६० आठवड्यांच्या आतल्या बाळांचा श्वास भुलेनंतर मधेच थांबू शकतो. ही रात्र मात्र चोख, नर्स दर थोड्या वेळाने येऊन बघत होत्या. ज्यांची बाळं लवकर जन्मलीत त्यांनी 'त्याच दिवशी घरी' असं कोणी म्हणालं तर हे जरूर विचारा.

आता बाळ कसं आहे असं सगळे विचारतात, मजेत आहे, पण एका बाळावरून काही सिद्ध होत नाही म्हणून ते मी रेटिंगमध्ये धरलेलं नाही.

ही भेट कोणासाठी? ज्यांचं बाळ ३ वर्षांच्या आत आहे आणि ऑपरेशन लांबणारं आहे किंवा पुढे अजून एकदोन लागणार आहेत त्यांनी तर नक्कीच जा, कारण तिथे खरे निर्णय असतात. दोन कामं एकाच भुलेत होतील का, एमआरआय भुलेशिवाय होईल का (अगदी लहान बाळांचा कधीकधी दूध पाजून, गुंडाळून, झोपल्यावर काढतात), आणि हे थांबू शकतं का. थांबण्याबद्दल मात्र स्वतःच ठरवू नका. हर्निया अडकतो, हृदयाची बरीच ऑपरेशन्स थांबत नाहीत, टाळू फाटलेली असेल तर बोलायला शिकण्याच्या आत शिवावी लागते, वृषण खाली न उतरलेलं असेल तर साधारण दीड वर्षाच्या आत करतात. भुलेच्या भीतीने ३ वर्षांचं होईपर्यंत सगळं ढकलायचं ठरवलं तर भलतंच नुकसान. आणि ज्यांचं एकदाचं, तासाभराचं काम आहे, ते नाही गेले तरी चालेल, पण माझ्यासारखा रात्री फोन घेऊन बसायचा स्वभाव असेल तर जाऊनच या.

शेवटची तक्रार, आणि अर्धा स्टार यासाठीच गेला. डिस्चार्ज पेपरवर भुलेबद्दल एक ओळ, 'जी.ए. दिला' (जनरल अॅनेस्थेशिया, म्हणजे पूर्ण भूल). कोणतं औषध, किती वेळ, बीपी किती खाली गेलं, काही नाही. उद्या दुसरं ऑपरेशन लागलं तर पुढच्या डॉक्टरांना आधी किती भूल झालीय तेच कळणार नाही, आणि दोनदा-तीनदावाल्यांचाच तर प्रश्न आहे ना सगळा. मी मागितल्यावर भुलेच्या चार्टची झेरॉक्स मिळाली, आधी रेकॉर्ड रूम, मग तिकडून परत वॉर्ड, मग सही. तुम्ही डिस्चार्जच्या आदल्या दिवशीच मागून ठेवा, रविवार असेल तर रेकॉर्ड रूम बंद असते.